आंदर मावळातील अन्न आणि परसबाग : एक मागोवा

मी इतिहासाचा अभ्यासक नव्हे. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि गेली चाळीसएक वर्षे कापडाच्या दुकानात गादीवर बसलेला एक सामान्य व्यापारी. त्यामुळे प्रस्तुत लेखात विद्वत्तेची अपेक्षा वाचकांनी ठेवू नये. तथापि व्यापाऱ्याला एक सवय असते. दिवाळीला वही पुजण्यापूर्वी तो जुनी खाती चाळतो, कोणाचे येणे आहे आणि कोणाचे देणे आहे हे पाहतो. ज्या भूमीत आपल्या तीन-चार पिढ्या नांदल्या, त्या भूमीतील गरिबाच्या ताटात या काळात काय होते आणि काय नव्हते, याचेही खाते एकदा चाळावे, या हेतूने हा लेखनप्रपंच केला आहे.

लेणे आणि पाण्याचे टाके

आपल्या मावळात दानाची परंपरा किती जुनी आहे, याचा एक पुरावा कामशेतजवळील पाले गावच्या डोंगरात आहे. तेथील लेण्यात ब्राह्मी लिपीतील एक लहानसा शिलालेख आहे. डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी तो विद्वानांच्या नजरेस आणला. अरहंतांना नमन करून हा लेख सुरू होतो, म्हणून तो जैन परंपरेचा मानला जातो. त्याचा काळ इसवीसनापूर्वीचा समजतात. इंदरखित नावाच्या भदंतांनी येथे लेणे आणि 'पोढी' म्हणजे पाण्याचे टाके करविले, एवढीच नोंद त्यात आहे.

ही नोंद वाचताना मला नेहमी एक गोष्ट जाणवते. दान करणाऱ्याने केवळ निवारा दिला नाही, त्याच्यासोबत पाणीही दिले. मावळात चार महिने धो धो पाऊस कोसळतो आणि उन्हाळ्यात तोच डोंगर कोरडा पडतो, हे त्याला ठाऊक होते. घेणाऱ्याची नड ओळखून केलेले दान म्हणतात ते हेच. पुढील सर्व विवेचनात हे टाके वाचकांनी स्मरणात ठेवावे, ही विनंती.

पाऊस भरपूर, पण ताट रिकामे

आंदर मावळ म्हणजे इंद्रायणीला मिळणाऱ्या आंद्रा नदीचे खोरे. टाकवे बुद्रुकपासून वर वडेश्वर, खांडी, कुसूरपर्यंत पसरलेला हा मुलूख. खोऱ्यात मराठा शेतकऱ्यांबरोबर महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी समाजाच्या वाड्या आहेत. सह्याद्रीच्या माथ्याला पाऊस किती पडतो हे लोणावळ्याच्या आकड्यावरून समजते. तेथे वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. खोऱ्याचे मुख्य पीक भात. पूर्वी आंबेमोहोराचा सुगंध सर्वत्र दरवळत असे. पुढे वडगाव मावळ येथील भात संशोधन केंद्राने १९८७ साली 'इंद्रायणी' हे वाण दिले आणि मावळचा तांदूळ महाराष्ट्रभर पोहोचला. वरच्या उतारावर नाचणी आणि वरई होते.

परंतु हे पीक एकच, खरिपाचे. दोन-चार खाचरे असलेल्या कुटुंबाची कणगी चैत्र-वैशाखापर्यंत तळाला जाते. नवे भात येते ते दिवाळीच्या आगेमागे. मधला काळ, विशेषतः आषाढ आणि श्रावण, हा सर्वांत कठीण. लावणीची कंबर मोडणारी कामे याच दिवसांत, आणि घरात दाणा नाही तोही याच दिवसांत. यासाठी घ्यावे लागणारे कर्ज म्हणजे खावटी. पूर्वी ती सावकाराकडून घेतली जाई आणि नव्या पिकातून फेडली जाई. म्हणजे पीक येण्यापूर्वीच त्यातील वाटा गेलेला असे.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे लिहिली पाहिजे. या व्यवहारात देणारा सावकार अनेकदा आपल्याच पेठेतील होता. १२ मे १८७५ रोजी याच पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी मारवाडी आणि गुजराती सावकारांच्या वह्या-खती जाळल्या. ते लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. त्यावर चौकशी आयोग बसला आणि १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. दंगल पूर्वेकडील तालुक्यांत पेटली असली तरी खत लिहिण्याची रीत सर्वत्र तीच होती. आपल्या पूर्वजांनी दुष्काळात धान्य वाटले, पाणपोया घातल्या, पांजरपोळ चालविले, हे जसे खरे, तसे हेही खरे. वहीची एकच बाजू वाचून ताळेबंद जुळत नाही.

तलाव, गिरण्या आणि आमचे दुकान

विसाव्या शतकाच्या आरंभी सह्याद्रीच्या पावसावर वीज निर्माण करण्याची योजना टाटांनी हाती घेतली. लोणावळा परिसरातील तलावांवर चालणारे खोपोलीचे वीजगृह १९१५ साली सुरू झाले. पाठोपाठ १९१६ मध्ये आंद्रा खोऱ्यासाठी स्वतंत्र कंपनी स्थापन झाली आणि १९२२ साली ठोकरवाडीचे धरण व खाली कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे वीजगृह पूर्ण झाले. पूर्वेकडे वाहणारे आंद्रेचे पाणी अडवून बोगद्यातून पश्चिमेस कोकणात सोडले गेले. मुळशीत याच सुमारास सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, तो इतिहास सर्वांना परिचित आहे. आंदर मावळाबद्दल मात्र फारसे लिहिले गेले नाही. नदीकाठची सपाट, ओल धरणारी जमीन तलावाखाली गेली. माणसे वरच्या मुरमाड उतारावर सरकली.

ही वीज कोठे गेली? प्रामुख्याने मुंबईच्या कापडगिरण्यांना. कोळशाच्या जागी वीज आली, माग वेगाने चालू लागले आणि मांजरपाट, लट्ठा, धोतरजोड्यांचे तागे देशभरच्या पेठांत पोहोचले. माझ्या आजोबांनी ज्या गिरण्यांचे तागे विकून दुकान उभे केले, त्यांचे माग आंदर मावळच्या पाण्यावर फिरत होते. हे मला बी.कॉम. होईपर्यंत तर सोडाच, पन्नाशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हते. ज्यांच्या पाण्यावर आमच्या गादीचा संसार झाला, त्यांच्या वरच्या वाड्यांतील स्त्रिया एप्रिल-मे महिन्यांत डोक्यावर हंडे घेऊन डोंगर चढतात. खाली तलाव दिसत असतो.

१९७२ आणि त्यानंतर

१९७२ च्या दुष्काळात मी प्राथमिक शाळेत होतो. शिधावाटप दुकानापुढील रांग, अमेरिकेतून आलेली 'मिलो' नावाची तांबडी ज्वारी आणि तिच्या भाकरीची न मोडणारी कड मला आजही आठवते. दुष्काळी कामांवर सुकडी वाटली जाई. मे १९७३ मध्ये राज्यभर सुमारे पन्नास लाख माणसे अशा कामांवर होती. या अनुभवातूनच वि. स. पागे यांच्या विचाराला कायद्याचे रूप मिळाले. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला.

त्यानंतर अन्नाच्या बाबतीत शासनाने टाकलेली पावले लहान नाहीत. आदिवासी कुटुंबांसाठी खावटी कर्जाची योजना आली. १५ ऑगस्ट १९९५ पासून शाळकरी मुलांना दरमहा तीन किलो तांदूळ मिळू लागला. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शाळेत शिजविलेले अन्न देणे बंधनकारक झाले. २०१३ साली अन्नसुरक्षा कायदा झाला. आज प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस महिन्याला पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबास पस्तीस किलो धान्य मोफत मिळते. पूर्वीसारखी अन्नान्नदशा आता नाही, हे मान्य केले पाहिजे.

मग प्रश्न उरतो तो कशाचा? भाजीचा.

एक साधा हिशेब मांडतो. पाच माणसांच्या कुटुंबास शिधापत्रिकेवर पंचवीस किलो धान्य मिळाले. जागतिक आरोग्य संघटना माणशी दररोज निदान चारशे ग्रॅम फळे-भाजी खावी असे सांगते. पाच माणसांस दिवसाला दोन किलो, महिन्याला साठ किलो. सरासरी भाव किलोस चाळीस रुपये धरला तरी चोवीसशे रुपये झाले. ज्या घरात वर्षातील काही महिनेच मजुरी मिळते, तेथे ही रक्कम कोठून येणार? म्हणून ताटात भात आणि त्यावर तिखट-मीठ असे जेवण होते. पोट भरते, अंगी रक्त भरत नाही. बाळंतीण आणि वाढते मूल यांना त्याचा पहिला फटका बसतो. आपण सणावाराला जे शिधावाटप करतो, त्यातही तांदूळ, डाळ, तेल, साखर असते. भाजी नसते, कारण ती पिशवीत भरून ठेवता येत नाही. ती दारातच पिकावी लागते.

परस : घरामागील कोठार

जुन्या मावळी घराला परस असे. न्हाणीचे सांडपाणी अळूच्या आळ्यात जाई. पावसाळ्याच्या तोंडाशी मांडवावर दोडका, कारली, दुधी, पडवळ यांचे वेल चढत. भाताच्या काढणीनंतर उरल्या ओलीवर वाल-पावटा होई. कुडाच्या कडेला शेवगा असे. उकिरड्याच्या जवळ लाल भोपळा आपोआप उगवे. याला रानाची जोड होती. पहिल्या पावसानंतर शेवळे, मग टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली. कोणती भाजी कशी सोलायची आणि कोणत्या आंबटाबरोबर शिजवली म्हणजे घसा खवखवत नाही, हे ज्ञान घरातील वृद्ध स्त्रियांकडे असे. आषाढाची उपासमार मावळाने शतकानुशतके सोसली ती बऱ्याच अंशी परस आणि रान यांच्या बळावर.

गेल्या काही दशकांत हा आधार खचला. जमिनीचे भाव वाढले, फार्महाऊसांची कुंपणे उभी राहिली, परसाच्या जागी सिमेंटचा कोबा आला. कातकरी कुटुंबांची स्थिती तर अधिकच बिकट. त्यांच्या कित्येक वस्त्या दुसऱ्याच्या जमिनीवर वसलेल्या. ज्याच्या पायाखालची जागाच त्याची नाही, त्याला परस कोठून असणार? अशा वस्तीसाठी एकट्या घराची बाग उपयोगाची नाही. शाळेच्या, अंगणवाडीच्या अथवा गावाच्या सामाईक जागेवर सर्वांनी मिळून करावयाची बागच तेथे शक्य आहे.

अन्यत्र झालेले प्रयोग

ही कल्पना नवी नाही. १८९३ च्या मंदीनंतर अमेरिकेतील डेट्रॉइट शहराचे महापौर हेझन पिंग्री यांनी १८९४ साली शहरातील पडीक भूखंड बेकार कुटुंबांना बटाटे व भाज्या लावण्यासाठी मिळवून दिले. लोकांनी त्यांची टिंगल केली, परंतु पीक निघाले तेव्हा इतर शहरांनी त्यांचे अनुकरण केले. इंग्लंडमध्ये १९०८ च्या कायद्याने कष्टकऱ्यांना भाजीसाठी लहान वाफे भाड्याने देणे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे असे सुमारे चौदा लाख वाफे होते.

आपल्याला अधिक जवळचे उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटील यांचे. कुंभोज येथे १८८७ साली जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तेथे सर्व जातींची गरीब मुले एका पंगतीत जेवत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. वसतिगृहात धान्य संपले तेव्हा सौ. लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, ही हकिगत प्रसिद्ध आहे. पण दागिने एकदाच मोडता येतात. वसतिगृह टिकले ते मुलांच्या श्रमावर. मुले शेतात राबत, भाजीपाला पिकवीत, स्वयंपाक स्वतः करीत. 'कमवा व शिका' या सूत्राचा हाच गाभा. तेथील मुलगा कोणाच्या दारी माधुकरी मागणारा राहिला नाही. आपण पिकविलेले खातो, या भावनेने तो ताठ उभा राहिला.

आमचे बी आणि त्यांचे बी

आता स्वतःची एक चूक नोंदवितो. काही वर्षांपूर्वी आम्ही काही व्यापारी मित्रांनी आंदर मावळातील एका वाडीवर भाजीच्या बियाण्यांची पाकिटे वाटली. जूनचा महिना होता. छायाचित्रे निघाली, नारळ फुटला, आम्ही परतलो. त्या वर्षी भाजी चांगली आली. पुढील वर्षी सहज गेलो तर वाफे रिकामे. मी जरा नाराजीनेच विचारले. एका वृद्ध ठाकर बाईने आढ्याला टांगलेले गाठोडे खाली घेतले, त्यातून दुधीच्या आणि वालाच्या बिया काढून माझ्या तळहातावर ठेवल्या. म्हणाली, "शेट, तुमचं बी एका पावसाचं. दुसऱ्या साली लावलं तर कायबी उगवतंय. हे माझ्या आईचं हाय." आम्ही वाटलेले बियाणे संकरित होते. त्याचे बी पुन्हा लावले तर पहिल्यासारखे पीक येत नाही, एवढी साधी माहिती आम्ही घेतली नव्हती.

मला त्या क्षणी अक्षय्य तृतीयेची कथा आठवली. भगवान ऋषभदेव आहारासाठी फिरत असता लोकांनी भक्तीने हत्ती, घोडे, रत्ने पुढे केली. काय द्यावे हे कोणालाच कळले नाही. अखेर श्रेयांस राजाने इक्षुरस दिला. भक्ती सर्वांचीच होती, नड एकाने ओळखली.

त्या बाईच्या गाठोड्याचे मोल महाराष्ट्राला उमगले ते राहीबाई पोपेरे यांच्यामुळे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे हे त्यांचे गाव, सह्याद्रीच्याच कुशीतले. महादेव कोळी समाजातील या निरक्षर माउलीने घेवडा, वाल, भात आणि भाज्यांची देशी बियाणी जमविली, राख व शेण यांच्या जुन्या पद्धतीने ती मडक्यांत जपली आणि परसबागेसाठी बायाबायांत वाटली. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या 'बाएफ' संस्थेची त्यांना साथ लाभली. २०२० च्या पद्मश्री सन्मानासाठी त्यांचे नाव जाहीर झाले. कोंभाळण्याला जे जमले ते वडेश्वर-खांडीला का जमू नये? पाऊस तोच, माती तशीच, माणसेही त्याच मुळाची.

काही शंका

या विषयावर बोलताना आपल्यापैकी काही ज्येष्ठ मंडळी शंका उपस्थित करतात. माती खणण्यात जीवहिंसा आहे. आपण कंदमुळे खात नाही, चातुर्मासात अनेकजण पालेभाजीही वर्ज्य करतात. मग अशा कार्यास साहाय्य कसे करावे?

शंका आदरपूर्वक विचारात घेण्यासारखी आहे. परंतु असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मे शिकविली ती भगवान आदिनाथांनीच, आणि त्यांत कृषी आहे. कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागातील आपले हजारो बांधव पिढ्यानपिढ्या शेतकरी आहेत. गृहस्थाने संकल्पी हिंसा टाळावी, उद्योगातील हिंसा विवेकाने कमी करावी, असे शास्त्र सांगते. आपण इतके नक्की करू शकतो की, ज्या बागेस साहाय्य करू तेथे विषारी फवारणी होऊ नये, निंबोळी अर्कावर भागवावे. मात्र काय लावावे हे त्या वाडीने ठरवावे. आपली व्रते आपल्या जिभेसाठी आहेत. अशक्त मुलाच्या ताटातील पालेभाजी अथवा रताळे काढून घेण्यासाठी ती नाहीत.

काय लागेल?

अनुभवावरून असे दिसते की बाग चार गोष्टींवर टिकते. पहिली, जागेचा लेखी करार. आज दिलेली जागा उद्या भाव वाढताच परत मागितली गेली तर श्रम वाया जातात. दुसरी, कुंपण. गुरे, रानडुक्कर आणि वानरे एका रात्रीत मांडव उद्ध्वस्त करतात. तिसरी, जपून ठेवता येईल असे देशी बी. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, पाणी. पावसाळ्यात वेल कोणीही वाढवील. परीक्षा फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांची. एखाद्या वाडीवर पावसाचे पाणी साठविण्याचे टाके बांधून दिले, तर दोन-तीन गुंठ्यांची बाग उन्हाळ्यातही हिरवी राहू शकते. या चारही गोष्टी बियाण्यांच्या पाकिटांपेक्षा महाग आहेत आणि त्यांच्या उद्घाटनाची छायाचित्रे फारशी देखणी येत नाहीत.

बागेने सर्व दारिद्र्य हटेल, असा माझा दावा नाही. मजुरी, शिक्षण, औषधोपचार यांची जागा ती घेऊ शकत नाही. शिधावाटपही बंद करू नये. पण जी उणीव तांदळाच्या पिशवीने भरून निघत नाही, ती भरून काढण्याचा हा जुना, मावळाच्या मातीतलाच मार्ग आहे.

दोन हजार वर्षांपूर्वी पाल्याच्या डोंगरात कोणी एकाने लेण्यासोबत टाकेही खोदविले. नंतरच्या काळात आंदर मावळचे पाणी आपल्याला कापडाच्या रूपाने मिळाले, त्यावर आपली दुकाने वाढली. वहीच्या डाव्या बाजूला जमा बरीच आहे. उजव्या बाजूला, नावे, त्या खोऱ्यात एखादे पाण्याचे टाके लिहिले जावे, एवढीच या कापडवाल्याची समाजबांधवांना नम्र विनंती आहे.

जय जिनेंद्र!